चोखोबांचा अभंग आणि विद्यार्थ्यांचा कॅमेरा

(आषाढी एकादशी विशेष)

मृगाच्या सरी कोसळून गेलेल्या असतात, काळ्या रानातील पेरण्या आटोपत आलेल्या असतात आणि दूरवरून टाळमृदंगाचा घोष कानी पडू लागतो. आषाढी एकादशी जवळ आली हे महाराष्ट्राला दिनदर्शिकेने सांगावे लागत नाही. सातशे वर्षांहून अधिक काळ हा घोष कानांच्या वाटेने चालत आला आहे. ज्याला अक्षर येत नव्हते त्यालाही अभंग येत होता. कारण तो पोथीतून नव्हे, तर जात्यावर, शेताच्या बांधावर आणि भजनाच्या फडात एका कंठातून दुसऱ्या कंठात उतरत होता.

आजचे युग मात्र डोळ्यांचे आहे. नवी पिढी गाणे जितके ऐकते तितकेच ते पाहते. घराघरांत मोबाइल आहे, त्यात कॅमेरा आहे, आणि महाविद्यालयांतील मुलामुलींना एखादे आवडते गाणे निवडून त्याची चित्रफीत करण्याची हौस आहे. कित्येक ठिकाणी तो अभ्यासक्रमाचाच भाग झाला आहे. या मुलांपैकी काहींच्या मनात आषाढीच्या निमित्ताने एखादा अभंग घ्यावा असे आल्यास वडीलधाऱ्यांच्या मनात दोन भाव एकाच वेळी उमटतात. एक आनंदाचा: मुले संतांकडे वळली. दुसरा धास्तीचा: देवाच्या गाण्याचा ही मुले तमाशा तर करणार नाहीत ना?

ही धास्ती अनाठायी नाही. परंतु तिचे उत्तर मनाई हे नव्हे. नीट केलेले नियोजन हे तिचे उत्तर आहे. कोणता अभंग घ्यावा, त्याचे चित्र कसे योजावे, कॅमेरा कोठे उभा करावा आणि कोठे करू नये, याचा विचार आधी झाला तर चित्रफीत हीसुद्धा एक सेवा होऊ शकते.

पडद्यावरील संतवाणीचा पूर्वाधार

अभंगाला पडद्यावर आणण्याचा प्रयत्न महाराष्ट्राला नवा नाही. पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीने १९३६ साली 'संत तुकाराम' हा चित्रपट काढला. विष्णुपंत दामले आणि एस. फत्तेलाल हे त्याचे दिग्दर्शक, केशवराव भोळे संगीतकार आणि तुकोबांच्या भूमिकेत विष्णुपंत पागनीस. मुंबईत तो एका चित्रपटगृहात वर्षाहून अधिक काळ चालला आणि १९३७ साली व्हेनिस येथील चित्रपट महोत्सवात जगातील तीन उत्कृष्ट चित्रपटांत त्याची गणना झाली. लोक त्या काळी पडद्यासमोर हात जोडत, ही गोष्ट जुन्या घरांतून आजही सांगितली जाते.

त्या यशाचे मर्म भव्य देखाव्यांत नव्हते. पागनीसांच्या मुद्रेवरचा निर्व्याज भाव, गौरीबाईंनी रंगविलेली देवावर संतापणारी आणि तरीही त्याच देवाशी बांधलेली जिजाई, आणि साध्या संसारातून सहज उमलणारी गाणी यांत ते होते. त्यांतील बीजाचा दृष्टान्त देणारे एक पद शान्ताराम आठवले यांनी लिहिले होते. ते संतवाणीशी इतके एकरूप झाले की अनेकांनी ते तुकोबांचेच मानले. रचनाकार स्वतः पुसला गेला आणि भाव तेवढा उरला. अभंगाचे चित्र करू पाहणाऱ्याने मनाशी धरावा असा हा आदर्श आहे. योगायोग असा की प्रभातच्या त्याच वास्तूत १९६० साली सरकारी चित्रपट शिक्षणसंस्था सुरू झाली; ज्या आवारात 'संत तुकाराम' घडला तेथेच आज विद्यार्थी चित्रपटकला शिकतात.

निवड: चोखोबांचा उसाचा अभंग

नियोजनाची पहिली पायरी निवडीची. गाणे लोकप्रिय आहे म्हणून निवडू नये; ज्याचा अर्थ आपल्याला अस्वस्थ करतो ते निवडावे. समजा, एखाद्या महाविद्यालयातील पाचसहा मुलामुलींनी संत चोखामेळा यांचा उसाचा दृष्टान्त देणारा अभंग निवडला. तो बहुतेकांना पाठ असतो. त्यात दृष्टान्त तीन आहेत: ऊस, धनुष्य आणि नदी. बाहेरून हे तिन्ही वाकडे; पण उसातला रस, धनुष्यातून सुटणारा बाण आणि नदीतले पाणी यांना ते वाकडेपण लागत नाही. चौथ्या ठिकाणी चोखोबा स्वतःला उभे करतात, आणि धृपद पुनःपुन्हा ऐकणाऱ्यालाच विचारते की, वरच्या रंगाला तू का भुललास?

हा प्रश्न कोणी विचारला हे मुलांनी प्रथम समजून घ्यावयास हवे. चोखोबा हे नामदेवरायांच्या मांदियाळीतील संत. जन्माने महार म्हणून त्यांना देवळाचे दार बंद होते. पत्नी सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणा बंका आणि पुत्र कर्ममेळा या सर्वांनी अभंगरचना केली. एका घरातील पाच जणांची वाणी वारकरी परंपरेने जपली आहे. सोयराबाईंचा रंगाचा अभंग किशोरी आमोणकर यांच्या स्वरात घरोघरी पोहोचला आहेच. मंगळवेढ्यास गावकुसाचे काम चालू असता भिंत कोसळली आणि इतर मजुरांबरोबर चोखोबाही तिच्याखाली गेले. परंपरेनुसार ते वर्ष शके १२६०, म्हणजे इसवी सन १३३८. नामदेवराय तेथे गेले, ज्या अस्थींतून विठ्ठलनामाचा ध्वनी येत होता त्या चोखोबांच्या म्हणून त्यांनी ओळखल्या आणि पंढरपुरास आणून महाद्वारासमोर त्यांची समाधी बांधली, अशी कथा आहे.

ही कथा कळल्यावर अभंगातील ऊस हा नुसता ऊस राहत नाही. गावासाठी भिंत बांधणारा माणूस त्याच गावाच्या भिंतीबाहेर राहत होता, आणि तोच विचारीत होता की, माझ्या देहाकडे पाहून माझा भाव कसा ठरविता?

शब्दामागे धावू नये

नवशिक्यांकडून हमखास होणारी चूक अशी की, गाण्यात ऊस आला की पडद्यावर ऊस, नदी आली की नदी, धनुष्य आले की नाटकातले सोनेरी कागदाचे धनुष्य. असे केले म्हणजे चित्र शब्दाचे चाकर होते आणि अर्थ जागचा हलत नाही. कान जे सांगत आहे तेच डोळ्याने पुन्हा सांगण्यात काय साधले? चित्राने शब्दाच्या शेजारी बसून त्याला नवा उजेड द्यावयाचा असतो.

उसाचेच पाहा. पंढरपूरच्या परिसरात उसाचे मळे भरपूर आहेत. परंतु आषाढात तो ऊस हिरवा आणि अपक्व उभा असतो. गाळपाचा हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो. तेव्हा तोड, मोळ्या, बैलगाड्या आणि गुऱ्हाळाची कढई दाखवावयाची असेल तर चित्रीकरण कार्तिकी एकादशीच्या दिवसांत योजावे लागेल. आषाढातच काम उरकावयाचे तर रसवंतीचा आश्रय घ्यावा. वेडावाकडा, गाठीगाठींचा ऊस चरकात शिरतो, त्याच्या चोयट्या होतात, आणि खालून सरळ, अखंड धार पडते. तो रस एखादी वारकरी माय पिते. पेल्यातील रसाकडे पाहून उसाचा बाक कोणाला आठवतो? एवढ्या एका दृश्यात पहिला दृष्टान्त पुरा झाला.

धनुष्याच्या जागी खरे धनुष्य आणण्याची गरज नाही. वारीत अशी एक तरी आजी असतेच की जिची पाठ वयाने धनुष्यासारखी वाकली आहे, डोईवर तुळशीवृंदावन आहे आणि नजर मात्र कळसाकडे लागलेली आहे. वाकलेली पाठ हे धनुष्य आणि सरळ नजर हा बाण. ज्याला दृष्टान्त ठाऊक आहे त्याला ते आपोआप उमजेल. ज्याला ठाऊक नाही त्यालाही आजी दिसेल, आणि तेही पुरेसे आहे.

नदीचा दृष्टान्त तर पंढरीनेच आपल्या पदरात घेतला आहे. येथे भीमा चंद्रकोरीसारखी वळते, म्हणूनच ती चंद्रभागा म्हणविते. नदीचे वाकडेपण हेच येथे तिच्या पावित्र्याचे नाव झाले! पहाटेच्या धूसर प्रकाशात ते वळण दूर अंतरावरून एकदा शांतपणे दाखवावे, आणि पुढच्याच दृश्यात ओंजळीतील पाणी दाखवावे. ओंजळीतले पाणी स्थिर, निवळ असते. अधिक काही करावयास नको.

कॅमेऱ्याने कोठे उभे राहावे?

आता सर्वांत अवघड प्रश्न. विठ्ठल दाखवावा की नाही?

सामान्यतः भक्तिगीताची चित्रफीत म्हटली की मूर्तीचे मुखकमल, चंदनाची उटी, तुळशीहार आणि आरतीचा प्रकाश डोळ्यांसमोर येतो. घरातील मंडळींनाही तेच आवडते. तथापि या एका अभंगापुरते मूर्ती दाखवू नये, असे नम्रपणे सुचवावेसे वाटते. गाभाऱ्यात कॅमेरा नेण्याचा आग्रह कोणत्याही देवस्थानी धरू नये, ही मर्यादा तर आहेच. परंतु खरे कारण त्याहून खोल आहे. हा अभंग ज्याने गायिला त्याला मूर्ती दिसत नव्हती. तो दाराबाहेर उभा होता. त्याचा विठ्ठल त्याला कळसावरून, घंटेच्या नादावरून, आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या भाविकांच्या मुद्रांवरून ओळखावा लागत होता. मग आपला कॅमेरा त्याच्या आधी, त्याच्या पुढे आत कसा जाणार? चित्रफितीतील कॅमेऱ्याने चोखोबांच्या जागीच उभे राहावे: पायरीबाहेर.

तेथून काय दिसते? महाद्वार दिसते. नामदेवरायांची पायरी दिसते. भक्तांच्या चरणांची धूळ आपल्यावर पडावी म्हणून त्यांनी तेथे विसावा घेतला, अशी श्रद्धा आहे, आणि म्हणून भाविक त्या पायरीवर पाऊल न देता तिला हात लावून पुढे जातात. समोरच चोखोबांची समाधी दिसते. ज्याला आत येऊ दिले नाही त्याला वंदन केल्यावाचून आत जावयाचे नाही, असा हा क्रम आहे. काळाने केलेला हा न्याय कॅमेऱ्याने नुसता पाहिला तरी शब्दांची गरज उरत नाही.

या न्यायालाही फार विलंब लागला, हे मुलांना सांगितले पाहिजे. चोखोबांच्या निर्याणानंतर सहा शतके लोटली तरी त्यांच्या बांधवांना ते दार बंदच होते. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरास तनपुरे महाराजांच्या मठात प्राणांतिक उपोषण आरंभिले, आणि मग मंदिराचे दार सर्वांना उघडले. ज्यांच्या घरांत आषाढीचा उपास श्रद्धेने होतो त्यांनी त्या एका उपवासाचेही स्मरण ठेवावे. चित्रफितीत उपदेश नको, फलक नको, निवेदकाचा आवाज नको. मात्र शेवटच्या कडव्याला, जेथे चोखोबा स्वतःचे नाव घेतात, तेथे महाद्वारातून आत जाणारी सर्व वयांची, सर्व वेषांची माणसे पाठमोरी दाखवावीत. जात कोणाच्या पाठीवर लिहिलेली नसते.

चोखोबांची भूमिका कोणा विद्यार्थ्याने वेष घालून करावी काय, हाही प्रश्न येईल. शक्यतो करू नये. गळ्यात मडके, फाटके घोंगडे आणि मार खाण्याचा प्रसंग उभा केला की प्रेक्षकाला दया येते. पण अभंगात दयेची याचना कोठे आहे? तेथे आत्मप्रत्यय आहे. 'चोखा' या शब्दाचा अर्थच मुळी शुद्ध, निर्भेळ असा. तो भाव भिंत रचणाऱ्या एखाद्या गवंड्याच्या हातांत, दगडावर दगड नेमका बसविणाऱ्या बोटांत अधिक स्पष्ट दिसेल.

आवर्तनांचा हिशेब

भाव ठरला की गणिताकडे वळावे, कारण भाव गणिताशिवाय पडद्यावर उतरत नाही. आधी गाणे ध्वनिमुद्रित करावे, मग चित्रीकरण करावे. उलट क्रम ठेवला तर गायकाचे ओठ आणि स्वर यांचा मेळ कधीच बसत नाही.

भजनी ठेका आठ मात्रांचा. लय मिनिटाला ऐंशी मात्रांची धरली तर एक आवर्तन सहा सेकंदांचे होते. चार मिनिटांच्या गाण्यात अशी चाळीस आवर्तने येतात. दर आवर्तनाला एक दृश्य धरले तर चाळीस दृश्ये लागतील. इतकी दृश्ये हवीतच असे नाही. काही दृश्ये दोन किंवा तीन आवर्तने टिकू द्यावीत. म्हणजे पंचवीसएक दृश्यांत काम होईल. दृश्य बदलावयाचे ते समेवर. टाळकऱ्याचा टाळ जेथे पडतो तेथेच चित्र बदलले की पाहणाऱ्याला बदल जाणवत नाही, लय तेवढी जाणवते. सेकंदाला दोन चित्रे पालटण्याची जी सवय हल्ली डोळ्यांना लागली आहे ती अभंगाला मानवत नाही. वारकरी चालतो, धावत नाही.

एका साध्या वहीत पाच रकाने आखावेत: कडवे, आवर्तनाचा क्रमांक, दृश्य, स्थळ व वेळ, आणि कोणाची अनुमती घ्यावयाची. धृपद चार वेळा येणार असेल तर चारही वेळा चित्र निराळे योजावे, कारण प्रश्न तोच असला तरी तो दरवेळी वेगळ्याला विचारला जातो. पहिल्यांदा तो कोणा सजलेल्या दुकानाच्या आरशाला, दुसऱ्यांदा गर्दीला, तिसऱ्यांदा महाद्वाराला आणि शेवटी चित्रफीत पाहणाऱ्याला. शेवटच्या खेपेस गायकाने प्रथमच सरळ कॅमेऱ्याकडे पाहावे.

हक्क कोणाचा, अनुमती कोणाची

संतांचे शब्द सर्वांचे आहेत. त्यांवर कोणाची मालकी नाही. परंतु चाल आणि ध्वनिमुद्रण यांची गोष्ट वेगळी. आपल्याकडील १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे ध्वनिमुद्रणावरील हक्क ते प्रसिद्ध झाल्यापासून साठ वर्षे टिकतो आणि संगीतरचनेवरील हक्क रचनाकाराच्या हयातीनंतरही साठ वर्षे राहतो. मोठ्या गायकाची तबकडी उचलून तिच्यावर चित्रे चिकटविणे हे कायद्याला धरून नाही आणि त्यात विद्यार्थ्यांचे स्वतःचे असे काही उरतही नाही. त्यापेक्षा आपल्या गावच्या भजनी मंडळाकडे जावे. पारंपरिक चाल, एक वीणा, पखवाज आणि चार टाळ एवढे पुरे. विणेकरी बुवांच्या पायांशी बसून मुलांनी तो अभंग महिनाभर म्हणावा. चित्रफीत झाली नाही तरी हा महिना वाया गेला असे कोणी म्हणणार नाही.

वारीतील चित्रीकरणाच्याही मर्यादा आहेत. दिंडीत शिरण्यापूर्वी दिंडीप्रमुखांना भेटावे. रिंगणाच्या वाटेत, पालखीच्या पुढे, चालत्या भजनाच्या मध्ये कॅमेरा घेऊन उभे राहू नये. चंद्रभागेवर स्नान करणाऱ्या स्त्रियांकडे तो चुकूनही वळवू नये. ज्या आजीची वाकलेली पाठ आपल्याला धनुष्यासारखी भासली तिला आधी नमस्कार करावा, "माउली, तुमचे चित्र घेऊ का?" असे विचारावे, आणि ती "नको रे बाबा" म्हणाली तर दुसरा नमस्कार करून निघून यावे. वरच्या रंगाला भुलू नका असे सांगणारी चित्रफीत करताना आपणच एका म्हातारीला नुसते दृश्य समजलो, तर अभंग आपल्याला कळलाच नाही असे होईल.

घरांनी काय करावे

या कामात घरातील वडीलधाऱ्यांचाही वाटा आहे. मुले अर्थ विचारावयास आली तर त्यांना अर्थ सांगावा, आणि तो अर्धवट सांगू नये. चोखोबा मोठे भक्त होते एवढेच सांगून थांबणे सोयीचे असते. ते बाहेर का उभे होते हे सांगणे गैरसोयीचे असते. परंतु ते सांगितल्यावाचून उसाचा दृष्टान्त गोड लागतो, त्याची धार लागत नाही. तयार चित्रफीत एकादशीच्या रात्री, फराळानंतर, घरच्यांसमवेत बसून पाहावी आणि ती संपल्यावर तोच अभंग सर्वांनी मिळून एकदा म्हणावा. डोळ्यांनी पाहिलेले पुन्हा कंठात आले म्हणजे परंपरेची वाट मोडली नाही असे समजावे.

पंढरपुरास जाणारा प्रत्येक जण महाद्वारासमोर क्षणभर थांबतो, चोखोबांना हात जोडतो आणि मग विठ्ठलाकडे वळतो. मुलांच्या कॅमेऱ्यानेही तेवढे केले, त्या समाधीपाशी थांबला, वाकला आणि उगाच पुढे घुसला नाही, तर त्यांच्या हातून घडलेली सेवा विटेवरच्या सावळ्याला पोहोचल्यावाचून राहणार नाही.